दोन मालमोटारींमधील अंतर

मंगळवेढ्याला आगगाडी आली नाही. सोलापूरला ती १८६० साली आली. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली पंढरपुरापर्यंत आणि १९२७ साली सांगोल्यावरून मिरजेपर्यंत गेली. आपले गाव मात्र या सर्वांच्या मध्ये असूनही रुळांच्या बाहेरच राहिले. येथली ज्वारी, येथला कडबा जो काही बाहेर गेला तो रस्त्यानेच गेला. आधी बैलगाडीतून, पुढे मालमोटारीतून. तेव्हा रस्त्याचा इतिहास हा या गावाला परका विषय नाही. आज रत्नागिरी-नागपूर हा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी होऊन आपल्या शेजारून जातो आहे, आणि त्यावरून रात्रभर मालमोटारी एकीमागे एक धावत असतात.

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि किल्ले डोळ्यांपुढे येतात. मंगळवेढ्यात तर दामाजीपंतांची धान्याची कोठारे आधी आठवतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र येथे एका रिकाम्या जागेचा इतिहास सांगणार आहोत. पुढे जाणारे वाहन आणि मागून येणारे वाहन यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, ती किती असावी, ती कोणी ठेवावी, आणि ती नाहीशी का होते, एवढाच आमचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी महाराष्ट्रात १५,२२४. आणि देशातल्या एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश हे मागून धडकल्याने झालेले होते.

बैलगाडीच्या काळी हे अंतर जवळजवळ नव्हतेच. ज्यांनी रात्रीच्या गाड्यांचा तांडा पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. आठ-दहा गाड्या बाजाराला निघाल्या म्हणजे पहिल्या गाडीचा गाडीवान तेवढा जागा राही. त्याच्या गाडीच्या आसाखाली कंदील डुलत असे. मागचे गाडीवान घोंगडी पांघरून साट्यात निवांत झोपत, आणि त्यांचे बैल पुढच्या गाडीतल्या कडब्याला तोंड लावीत लावीत चालत. पुढची गाडी थांबली की मागचे बैल आपोआप थांबत. म्हणजे गाडीवान झोपला तरी गाडी जागी असे. वेग माणसाच्या चालीचा, आणि ब्रेक म्हणजे बैलाची अक्कल! मागची गाडी पुढच्या गाडीला भिडून माणूस मेला असे जुन्या माणसांकडून आमच्या तरी कानी आलेले नाही.

तांड्याने, एकमेकांना चिकटून जाण्याची ही सवय आपल्या हाडांत फार जुनी आहे. चोरांचे भय, वाट चुकण्याचे भय, चाक मोडले तर मदतीला माणूस हवा, या सर्व गोष्टी तिच्यामागे होत्या. मालमोटारी आल्या तेव्हा गाडीवानाचा मुलगा ड्रायव्हर झाला, आणि ही सवयही त्याच्याबरोबर मोटारीत चढून बसली. फक्त बैल तेवढे मागे राहिले.

आगगाडीवाल्यांना मात्र हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच सोडवावा लागला, आणि त्यासाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. प्रारंभी विलायतेत एक गाडी सोडल्यानंतर काही मिनिटे थांबून दुसरी गाडी सोडीत. म्हणजे अंतर वेळेने मोजीत. पहिली गाडी पुढे कोठे अडली आहे की काय, हे दुसऱ्या गाडीला कळण्याचा भरवसा नव्हता. २५ ऑगस्ट १८६१ रोजी इंग्लंडात ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात हेच झाले. पाच-पाच मिनिटांनी सोडावयाच्या तीन गाड्या अवघ्या सात मिनिटांत सुटल्या, बोगद्याच्या तोंडावरच्या सिग्नलवाल्याचा गोंधळ उडाला, आणि तिसरी गाडी दुसरीवर आदळून २३ माणसे मेली.

या अपघाताच्या चौकशीत जी गोष्ट बाहेर आली ती आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाच्या मनातून जात नाही. तो सिग्नलवाला त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळावी म्हणून त्याला तसे करावे लागत असे! दोन गाड्यांतले अंतर आणि माणसाची झोप या दोन गोष्टी एकाच अपघातात, एकाच ठिकाणी, एवढ्या लख्ख दिसाव्यात असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पुढे १८८९ साली आयर्लंडात आर्मा येथे शाळेच्या सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने कायदा करून ठरविले की लोहमार्गाचे ठरावीक तुकडे पाडावेत, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी. अंतर आता घड्याळावर किंवा ड्रायव्हरच्या मर्जीवर राहिले नाही. ते यंत्रणेच्या अंगात शिरले.

रस्त्याच्या बाबतीत असे कधी झाले नाही. येथे प्रत्येक वाहन आपापल्या ड्रायव्हरच्या हवाली आहे, आणि मधली जागा कोणाच्याच मालकीची नाही.

आपल्याकडे मोटारींसाठी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात परवान्यांची कडक पद्धत होती, आणि ती घालण्यामागे लोकांच्या सुरक्षिततेइतकीच रेल्वेच्या उत्पन्नाची काळजी होती. लॉऱ्या रेल्वेचे भाडे पळवितात, ही सरकारची तेव्हाची मोठी तक्रार होती. तथापि त्या कायद्यात एक कलम फार चांगले होते: माल किंवा उतारू वाहणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने सलग पाच तासांहून अधिक वेळ गाडी हाकू नये, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा घ्यावा, आणि दिवसाच्या व आठवड्याच्या कामाला मर्यादा असावी. १९४३ साली नागपूरला देशातल्या मुख्य इंजिनियरांची परिषद भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची उतरंड ठरली. आज आपण ज्याला महामार्ग म्हणतो त्याची आखणी तेव्हाची.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने उतारूंची वाहतूक आपल्या हाती घेतली. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगराहून पुण्याला एस. टी.ची पहिली गाडी सुटली. या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांला तिच्यातली एक निराळी बाजू दाखवावयाची आहे. एस. टी. झाल्यामुळे हजारो ड्रायव्हर-कंडक्टरांना एकच मालक मिळाला. डेपो आला, हजेरी आली, ड्यूटीचा तक्ता आला. ड्रायव्हर किती वाजता चढला आणि किती वाजता उतरला हे कागदावर येऊ लागले. कागदावर आले म्हणजे त्यावर भांडता येते! संघटनेला बोलावयास समोर कोणीतरी माणूस लागतो, तो मिळाला. मालाची वाहतूक मात्र खाजगी हाती राहिली, आणि तीही फार लहान लहान हातांत. बहुसंख्य मालकांची एक, दोन, फार तर पाच वाहने. पुष्कळ ठिकाणी तर मालक हाच ड्रायव्हर, आणि गाडी कर्जावर.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगीने दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची मोकळीक. कायदा वाचला म्हणजे मन प्रसन्न होते. परंतु हा कायदा ज्या आस्थापनेत पाच किंवा अधिक कामगार असतील तिलाच लागू होता. एका मालमोटारीवर एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर. दोन मालमोटारींचा मालक धरला तरी माणसे होतात चार! म्हणजे कायदा दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सांगितले की वाहतुकीच्या वाहनावर काम करणाऱ्या कोणाही माणसाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणेच असावेत. अक्षरशः पाहता उंबरा ओलांडला गेला. परंतु जेथे हजेरीचे पुस्तक नाही, डेपो नाही, फाटक नाही, तेथे तपासनीस काय तपासणार?

गिरणीशी तुलना करून पाहा. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. तेव्हा कामाच्या तासांना धरबंध नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चळवळ करून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. १९२२ साली आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ साली चोपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. हे शक्य झाले, कारण गिरणीला भोंगा होता आणि फाटक होते. पाळी किती वाजता सुरू झाली हे साऱ्या शहराला ऐकू येत असे. मालमोटारीला भोंगा आहे, पण तो फक्त पुढच्याला बाजूला सारण्यासाठी!

आता थोडे गणित. श्रोत्यांना गणित आवडत नाही हे आम्हांस ठाऊक आहे, पण हे गणित शाळेत आम्हांला कोणी शिकविले नाही, पुढे स्वतःच करून पाहिले, म्हणून त्याची गोडी आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. पुढे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर पंचवीस मीटर गेले ते गेलेच. त्यानंतर भरलेली मालमोटार, ब्रेक उत्तम आणि रस्ता कोरडा असेल तर, आणखी सुमारे पस्तीस मीटर घेईल. एकूण साठ. वेग ऐंशी केला तर पहिला हिस्सा तेहतीस मीटरांचा होतो आणि दुसरा जवळजवळ बासष्टांचा, म्हणजे एकूण पंचाण्णव. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण ब्रेकचे अंतर पाऊणपटीहून अधिक वाढले.

कोणी म्हणेल, पुढची गाडीही थांबताना जागा घेतेच की. खरे आहे. पण ती समोरच्या थांबलेल्या ट्रकवर आदळली तर घेत नाही. शिवाय पुढचीचे ब्रेक नवे आणि मागचीचे लायनर झिजलेले, पुढची रिकामी आणि मागची भरलेली, असे असले म्हणजे हिशेब मागचीच्या विरुद्ध जातो. ऐंशीच्या वेगात मालमोटार पुढचीच्या मागे दहा मीटरांवर असेल तर ते दहा मीटर अर्ध्या सेकंदाच्या आत संपतात. एवढ्या वेळात पाय ब्रेकपर्यंत पोचतच नाही. म्हणून विलायतेत निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावयास शिकवितात, आणि पाऊस असेल तर चार. भरलेल्या मालमोटारीने याहून अधिकच ठेवावे. मोजावयाची रीत सोपी आहे. पुढच्या गाडीची शेपटी एखाद्या दगडाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणावयाचे. हे संपण्यापूर्वी आपण त्या दगडाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत.

आता या गणितात झोप घाला. रात्र जागून काढलेल्या माणसाचा पाय दीड सेकंदाऐवजी अडीच सेकंदांनी पडला, तर ऐंशीच्या वेगात बावीस मीटर जादा लागले. म्हणजे दोन मालमोटारींची लांबी. ड्रायव्हरची दोन तासांची झोप ज्याने कापली त्याने रस्त्यावरची ही बावीस मीटर जागा कापली, असा आमचा हिशेब आहे. मग ती जागा महामार्ग कितीही रुंद केला तरी परत मिळत नाही.

झोप कोण कापतो? पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरला मजुरी खेपेवर मिळते. खेपा जितक्या अधिक तितकी प्राप्ती अधिक. माल चढविताना आडतीवर किंवा कारखान्याच्या दारात त्याचे आठ-आठ, दहा-दहा तास फुकट जातात, आणि ते त्याच्या कामाच्या तासांत कोणी धरीत नाही. मग तो गेलेला वेळ तो रस्त्यावर वसूल करतो. आमच्या सभांतून ड्रायव्हर मंडळी आणखी एक गोष्ट सांगतात, ती ऐकून बैलगाडीचा तांडा आठवतो. पहाटे तीननंतर डोळे जड झाले की पुढच्या गाडीचा तांबडा दिवा धरून चालावयाचे. तो दिवा जवळ ठेवला म्हणजे वाट शोधावी लागत नाही! आणि अंतर सोडून चालले तर काय होते? मधल्या जागेत एखादी मोटार शिरते. पुन्हा मागे सरावे, पुन्हा दुसरी शिरते. शहाण्या ड्रायव्हरला रस्ताच शहाणा राहू देत नाही.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांना मागून ठोकरले. डिझेल वाचावे म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. इंजिन बंद झाले की ब्रेकला लागणाऱ्या हवेचा भरणा थांबतो आणि इंजिनाचा आवर नाहीसा होतो, हे आपल्यातले जाणकार सांगू शकतील. वर्तमानपत्रांनी त्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या. लिटरभर डिझेल माणसाच्या जिवापेक्षा महाग वाटावे अशी स्थिती कोणी आणली, हा प्रश्न त्या गर्दीत विचारला गेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ रात्री थांबलेल्या ट्रकवर यात्रेकरूंची लहान बस मागून आदळली आणि बारा माणसे मेली. आणि आपल्या जिल्ह्यातले ३१ ऑक्टोबर २०२२ चे जुनोनी कोणी विसरलेले नसेल. कार्तिकी वारीला पायी निघालेल्या दिंडीत मागून मोटार शिरली. सात वारकरी गेले. ती मालमोटार नव्हती हे खरे. परंतु सांगोला तालुक्यातली ती जागा आणि पाठीकडून आलेला तो मृत्यू आम्हांला या विषयापासून वेगळा काढता येत नाही.

अपघाताच्या कागदावर कारण लिहिले जाते: चालकाचा निष्काळजीपणा. येथे मंगळवेढ्यातच एक फार जुना अपघात आहे. इ. स. १३३८ मध्ये गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. त्यांच्याबरोबर इतर मजूरही गाडले गेले. नामदेवांनी येऊन चोखोबांची हाडे वेचली आणि पंढरपुराला नेली, म्हणून आपल्याला चोखोबांचे नाव ठाऊक आहे. बाकीच्या मजुरांची संख्यासुद्धा आपल्यापाशी नाही. ती भिंत कशी बांधली जात होती, ती बांधून घेण्याची घाई कोणाला होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. कागद असता तर त्यावरही बहुधा मजुरांचाच निष्काळजीपणा लिहिला असता!

याचा अर्थ ड्रायव्हर निर्दोष असतो असा नव्हे. दारू पिऊन गाडी हाकणारा आणि माणूस पाडून पळून जाणारा यांची बाजू आम्ही घेत नाही. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६, पोटकलम दोनविरुद्ध देशभर मालमोटारींची चाके थांबली. धडक देऊन पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद अशी ती तरतूद होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. संपाच्या काळात आम्हांला अनेकांनी विचारले की तुम्ही पळणाऱ्याला सोडा म्हणता काय? आमचे उत्तर असे की पळणाऱ्याला पकडा, परंतु त्याआधी त्याला सोळा-सोळा तास पळविणाऱ्यालाही पकडण्याचे कलम दाखवा.

दुसऱ्या देशांनी ते कलम कसे शोधले ते पाहण्याजोगे आहे. युरोपातल्या सामायिक बाजाराने १९७० साली अवजड वाहनांत टॅकोग्राफ नावाचे नोंदणीयंत्र बसविण्याचा नियम केला. गाडी किती वाजता निघाली, किती वेगाने गेली, केव्हा थांबली, हे यंत्र आपोआप नोंदते. तेथे साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास थांबावे लागते. म्हणजे गिरणीचे फाटक त्यांनी गाडीच्या आतच बसविले. त्या यंत्राला तिकडच्या काही ड्रायव्हरांनीही पहिल्याने विरोध केला. आपल्या केबिनमध्ये हेर बसविला असे ते म्हणत. पुढे त्याच नोंदीच्या आधारावर जादा कामाची मागणी करता येऊ लागली. जर्मनीत ताशी पन्नासहून अधिक वेगाने जाणाऱ्या मोठ्या मालमोटारींनी द्रुतगती मार्गावर एकमेकींत निदान पन्नास मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे. जाता जाता सांगतो, एक मालमोटार दुसरीला इंचाइंचाने मागे टाकू लागली आणि मागे सारा रस्ता तुंबला, की जर्मन लोक त्याला हत्तींची शर्यत म्हणतात. आपल्याकडे बोरघाटात ही शर्यत रोज पाहावयास मिळते.

आपल्या नियमांतही अंतर आहे. १९८९ च्या नियमात पुढचे वाहन एकाएकी थांबले तर धडक होणार नाही इतके पुरेसे अंतर ठेवावे असे लिहिले होते, आणि २०१७ च्या नियमांनी तेच तत्त्व पुढे चालविले. परंतु ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे धडक झाल्यावरच ठरते. झाली म्हणजे पुरेसे नव्हते! २०१८ साली केंद्र सरकारने मालमोटारींचे अधिकृत वजन वाढविले. तीन आसांच्या गाडीला पंचवीस टनांऐवजी साडेअठ्ठावीस टन झाले. वजन वाढले की तेच ब्रेक अधिक तापतात, आणि घाटात तापलेला ब्रेक धरीत नाही. त्या हिशेबाने मधले अंतरही वाढावयास हवे होते.

काही गोष्टी सुधारल्या, त्या सांगितल्या पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे असे ठरले. सोलापूरच्या उन्हाळ्यात ज्याने इंजिनाशेजारी बसून दिवस काढला आहे त्याला ही चैन वाटणार नाही. परंतु त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा तिच्यात विरून गेला. जुन्या कायद्याचा उंबरा पाच कामगारांचा होता. नव्या संहितेत मोटार वाहतुकीच्या आस्थापनेसाठी तो दहांचा आहे. चार मालमोटारींच्या मालकाकडे ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून आठ माणसे. १९६१ च्या कायद्यात ती बसत होती, या संहितेत बसत नाहीत.